वर्दीतला फोटो

दर सव्वीस जुलैला परळच्या नाक्यावर सीताराम कासारेंचा हार घातलेला फोटो लागतो, आणि सीताराम त्याच्याखालून दूध आणायला जातात.

फोटोखाली नाव असतं धाकट्या भावाचं. सुगत कारगिलच्या लढाईत मारला गेला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

चूक घरातलीच. सुगत रजेवर आला की चाळीतले निम्मे पुरुष त्याची वर्दी मागून नेत आणि स्टुडिओत फोटो काढून घेत. सीतारामही एकदा गिरणीतून सुटून गेले होते. पट्ट्याला एक भोक जास्त पाडावं लागलं. सुगत स्वतः मात्र रजेत वर्दीला हात लावायचा नाही. लुंगी गुंडाळून कॅरम खेळत बसायचा. बातमी आली त्या दिवशी मंडळाच्या पोरांनी भिंतीवरचा वर्दीतला फोटो उचलून नेला. रडारडीत कुणी बघितलं नाही. फोटो परत आला नाही.

सीताराम तेव्हापासून सांगताहेत. पोरं बदलली, अध्यक्ष बदलले, चाळीचा टॉवर झाला. छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरमधली फाइल तीच. त्यांची बायको कौसल्या म्हणते, सव्वीस जुलैला मी कुंकू लावू की नको, तेवढं मंडळात विचारून या.

यंदा ते सुगतचा खरा फोटो घेऊन गेले. बुशशर्टातला, डावी भुवई मधे तुटलेली; लहानपणी जिन्यावरून पडला होता. मंडळाचा सेक्रेटरी सम्यक त्या लढाईनंतर जन्मलेला. त्याने काकांना खुर्ची दिली, फोटो उजेडात धरला.

"काका, पण हा सैनिक वाटत नाही."

"वाटायला कशाला पाहिजे? होता तो."

सम्यक वरमला. फोटो ठेवून जा म्हणाला, या वेळी मी स्वतः लक्ष घालतो.

सव्वीसला सकाळी सीताराम पिशवी घेऊन खाली उतरले. बॅनरवर कॉम्प्युटरने बनवलेला एक जवान होता. गोरे गाल, छातीवर सुगतला कधीच न मिळालेली पदकं, मागे बर्फ. दोन्ही भुवया अखंड. तो सुगत नव्हता. सीतारामही नव्हते. जन्मात कधी परळला न आलेला कुणीतरी होता.

सम्यक शिडीवरून उतरून जवळ आला. "आता बरोबर आहे ना, काका?"

सीताराम बराच वेळ ती भुवई शोधत राहिले. मग म्हणाले, "पहिला होता तोच लाव."

"अहो, तो तर तुमचा आहे."

"माझाच. पण वर्दी त्याची होती. निदान घरातलं कुणीतरी होतं वर."

जुनी फाइल सम्यकने कालच छपाईवाल्याच्या शेजारी बसून डिलीट करून घेतली होती. काकांना पुन्हा त्रास नको म्हणून.