मेल्चोरा पाटकरीण

मेल्चोरा माझी भावजय. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. यंदा गावाने पाटकऱ्याची काठी तिच्या हाती दिली, तीही नाइलाजाने, कारण तरणे पुरुष सगळे खाणीवर. म्हातारा सांतोस तर भर चौकात कडाडला, "बाईच्या मागे पाणी येत नसतं! नाही आलं, तर पुन्हा कुठल्या बाईचं नाव काढायचं नाही."

"आणि आलं तर, काका?" मेल्चोराने विचारलं.

"आधी येऊ दे की!"

आमच्या खोऱ्यात पाऊस नावालाच. कोरोपुना डोंगराच्या बर्फाचं पाणी पाटाने येतं, तेही ज्वालामुखीच्या काळ्या, भोकाभोकाच्या दगडावरून. वर्षातून एकदा सगळं गाव पाट साफ करतं. मग पाटकरी काठी घेऊन पाण्याच्या पुढे चालतो आणि त्याला गावात आणतो. त्या दिवशी बायका ठेवणीतले घागरे नेसतात, एकावर एक. मेल्चोराच्या सगळ्यात वरचा घागरा कोरा होता, वर्षभर डोळे फोडून भरतकाम केलेला. मला हातसुद्धा लावू देत नव्हती, भवानी!

पाटाचं वरचं दार उघडलं. पुढे ही, तिच्यामागे पाणी, काठाकाठाने आम्ही ढोल बडवत. काळ्या दगडात शिरलो आणि पाणी गपकन गायब! पाटाच्या तळाला भेग पडली होती. गवत कोंबलं, चिखल लिंपला. सगळं गिळलं मेलीने.

"अंगावरचे जाड पोंचो काढा रे, भेगेत कोंबू!" मेल्चोरा ओरडली.

पुरुष एकमेकांची तोंडं बघायला लागले. "वारं केवढं सुटलंय," सांतोस पुटपुटला.

"मग बसा ऊब घेत!" तिने काठी माझ्या हातात कोंबली आणि वरच्या घागऱ्याची नाडी सोडली.

"वहिनी, नवा नको गं!"

तिने भरतकामावरून एकदाच हात फिरवला. "नव्याची वीण घट्ट असते. तू चिखल आण!"

नवा भेगेत गेला, त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. वर आम्ही चिखल थापला. पाणी जरा घुटमळलं आणि निघालं की पुढे! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ही आपली काठी हिसकावून आतल्या जाड परकरावरच पळत सुटली.

सांतोस धापा टाकत मागून आला आणि आपला पोंचो तिच्यापुढे धरला. "गुंडाळ कमरेला."

"राहू द्या, काका. वारं सुटलंय ना!"

सगळे खो खो हसले. सांतोसही हसला.

पाणी चौकात शिरलं तशी ती माझ्या गळ्यात पडली. "माझा घागरा गं!" म्हणून हमसून हमसून रडली, आणि रडता रडताच नाचायला लागली. कुणीतरी विचारलं, "पुढच्या साली काठी कुणाला?"

सगळ्यांनी सांतोसकडे बघितलं. त्याने घसा खाकरला.

"माझ्या सुनेला द्या," तो म्हणाला.