वेणीमाधवांचा जपानी पटर

"हात लावू नका!"

हे वेणीमाधवांचं ठरलेलं वाक्य. गोल्फच्या मैदानावर त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा तरी ऐकलेलं आहे. ज्यानं ऐकलं नसेल त्यानं त्यांच्या पिशवीतल्या पटरकडे नुसता हात नेऊन बघावा. एरवी माणूस सभ्य. सातपूरच्या एका कारखान्यातून टूलरूमचा मुख्य म्हणून निवृत्त झालेला, शर्टाला कडक इस्त्री, रिक्षावाल्यालाही "अहो" म्हणणारा. पण पटरचा विषय निघाला की गेला तो सभ्यपणा गोदावरीत!

आता पटर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण नाशकात गोल्फ म्हटलं की लोकांना एकच गोष्ट ठाऊक, ती म्हणजे गोल्फ क्लबचं मैदान. तिथं पहाटे निम्मं शहर कानटोप्या घालून चालायला येतं आणि गोल्फची काठी औषधालाही सापडत नाही. "काका, मीपण रोज गोल्फ क्लबवर असतो बरं का," असं बिल्डिंगमधलं कुणी दात काढून म्हणालं की वेणीमाधवांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. तर चेंडू लांब मारायच्या काठ्या वेगळ्या. मारत मारत तो हिरवळीवर भोकाजवळ आणला की शेवटी हलक्या हातानं आत ढकलायला जी काठी लागते, ती पटर. सगळा खेळ तिथं येऊन अडतो.

वेणीमाधव मूळचे पंचवटीतल्या भिक्षुकी घराण्यातले. यात्रेकरूंची पूजाअर्चा, श्राद्धं, यजमानांच्या पिढ्यानपिढ्यांच्या ओळखी. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, ते सगळं सांभाळलं. यांनी मात्र "मला नाही जमायचं" म्हणून लोखंड धरलं. कारखान्यात जपानी मशिनं आली तेव्हा ती बसवायला ओगावा नावाचे इंजिनिअर आले होते. एका रविवारी ते वेणीमाधवांना शहराबाहेरच्या गोल्फ कोर्सवर घेऊन गेले आणि हातात आपला पटर दिला. वेणीमाधवांनी चेंडूकडे बघितलंच नाही. काठी उलटी करून तिचं लोखंडी डोकं डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हे कुणी घडवलं?"

झालं! तिथून वेड लागलं ते लागलंच. नरम लोखंडाचा एकच तुकडा तापवून, ठोकून केलेलं डोकं. कुठं जोड नाही, ओतकाम नाही. तोंडावर इतक्या बारीक रेघा, की नख फिरवलं तरच कळाव्यात. आयुष्यभर मायक्रोमीटर घेऊन बसलेल्या माणसाला याहून मोठा मोह कुठला? लग्न त्यांनी केलं नव्हतं, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते जपानला गेले आणि ओगावांच्या ओळखीनं एका म्हाताऱ्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. म्हाताऱ्यानं त्यांचा तळवा दाबून पाहिला, उभं राहायला लावलं, वाकायला लावलं आणि मान डोलावली. पटर पुष्कळ महिन्यांनी नाशकात पोचला. तोवर म्हाताऱ्यानं भट्टी कायमची बंद केली होती. म्हणजे असा दुसरा आता होणे नाही.

काळाभोर पटर. तो काळा रंग लावलेला नव्हता, लोखंड तापवून, तेल पाजून अंगावर चढवलेला होता. तळाला देवनागरीत एकच अक्षर ठोकलेलं, 'वे'. म्हाताऱ्याला ते कागदावर काढून दिलं होतं, त्यानं ते नक्षीसारखं जपून उतरवलं. सोबत निरोप होता, की घासू नका. पुसा, तेल लावा, वापरा. बाकीचं काम तुमचे हात करतील.

एकदा कोर्सवर एका बिल्डरनं हाच पटर न विचारता उचलला आणि बुटाच्या तळाचा चिखल काढायला बुटावर ठोकला. बुटावर! वेणीमाधव असे काही ओरडले, की पलीकडच्या हिरवळीवरचे लोक खेळ थांबवून बघायला लागले. "अहो, एका काठीसाठी एवढं?" बिल्डर म्हणाला. "काठी तुमच्या घरी, गुरं हाकायला!" असं म्हणून ते भरल्या डावातून घरी आले ते महिनाभर तिकडे फिरकले नाहीत.

बाहेरच्यांचं एक वेळ सोडा हो. घरच्यांचं काय करायचं?

गंगापूर रोडला एकाच बिल्डिंगमध्ये भावांचे दोन फ्लॅट. खाली दादा, सरोजिनीवहिनी, मुलगा धवल आणि सून अपूर्वा. वर एकटे वेणीमाधव. दोन्ही वेळचं जेवण खाली, वरच्या फ्लॅटची एक किल्ली वहिनींकडे. वहिनी या घरात आल्या तेव्हा वेणीमाधव शाळेत होते, आणि तेव्हापासून त्यांचा संताप झेलायचं काम वहिनींकडेच होतं.

या घरात खंडेनवमीची पूजा मोठी. नवरात्राच्या नवव्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पाटावर मांडायचं. दादांची पोथी, पंचांग आणि पळी-ताम्हन, धवलचा लॅपटॉप, अपूर्वा दातांची डॉक्टर म्हणून तिची अवजारं. इतकंच काय, स्कूटरची किल्लीसुद्धा! मागच्या वर्षी वेणीमाधवांनी मोठ्या हौसेनं आपला पटर त्या रांगेत ठेवला. दादांनी तो दोन बोटांच्या चिमटीत उचलला आणि दाराशी चपलांच्या स्टँडला टेकवून ठेवला.

"ज्यानं पोट भरतं त्याची पूजा असते, वेणू. खेळण्यांची नाही."

चपलांच्या स्टँडला! वेणीमाधवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्कूटरच्या किल्लीनं पोट भरतं का तुमचं?" म्हणून ते पटर घेऊन वर गेले, आणि दिवाळी सरेपर्यंत डबा वर जात होता. नेऊन द्यायच्या वहिनीच. आणि या वर्षी घट बसले तेव्हाच त्यांनी वहिनींना बजावलं, "माझा पटर पाटावर असेल तरच मी पूजेला येईन. नाहीतर या घरात माझं काही नाही असं समजेन."

त्या माणसाला पूजेचं एवढं सोयरसुतक नव्हतं. आपण आयुष्यभर लोखंडात जीव ओतला तो या घराला कधी कामच वाटला नाही, हे त्यांना खुपत होतं. दादांचे मंत्र ते पुण्य, आणि याचं ते पोटापाण्याचं, असं सगळे धरून चाललेले. तो पटर पाटावर बसला असता तर तेही सगळं बसलं असतं.

अष्टमीला सकाळी ढग होते. चांगला पटर ओलीत न्यायचा नाही म्हणून ते दुसरा घेऊन खेळायला गेले. दुपारी परतले आणि नेहमीसारखे आधी खालच्या फ्लॅटमध्ये शिरले. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून पूजेची उपकरणी उन्हात वाळत घातलेली होती. समया, पंचपात्री, ताम्हन, घंटा, सगळं चिंच लावून लखलखीत केलेलं. आणि त्या ओळीत शेवटी, नव्या स्टीलच्या डावासारखा पांढराफटक, त्यांचा पटर.

क्षणभर त्यांना तो ओळखूच आला नाही. मग तळाचं 'वे' दिसलं.

चिंच, मीठ आणि राख. म्हाताऱ्यानं तेल पाजून चढवलेला काळा रंग चिंचेनं खाऊन टाकला होता, तोंडावरच्या रेघा राखेनं बोथटल्या होत्या, आणि वर पाण्यानं धुतल्यामुळे कडेला तांबूस गंज धरायलाही लागला होता. वहिनी मोरीच्या तोंडाशी पाटावर बसून शेवटची घंटा घासत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि हसल्या. "बघा भाऊजी, कसा झालाय! केवढा काळा पडला होता हो, निघता निघेना."

"कुणी सांगितलं होतं?"

"अहो, उद्या पाटावर..."

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" वेणीमाधवांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "अक्कल गहाण टाकलीय का? जगात असा दुसरा नाही, कळतंय का तुम्हाला? माणसानं जन्म घालवून केलेली वस्तू ती, आणि तुम्ही राखेनं घासलीत! बरोबर आहे म्हणा. जन्मभर भांडीच घासलीत, दुसरं काय येतं तुम्हाला?"

वहिनींच्या हातातली घंटा तशीच राहिली. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नळाखाली हात धुतले आणि आत निघून गेल्या.

वेणीमाधव पटर घेऊन तरातरा दाराकडे निघाले तर मध्ये अपूर्वा उभी. ही पोरगी एरवी काकांशी थट्टेनं बोलणारी. आज तिचा चेहरा लाल झालेला.

"काका, आज सकाळी काय झालंय माहितीये तुम्हाला? आईंनी बाबांना सांगितलं, भाऊजींची वस्तू पाटावर नसेल तर उद्या मी पुरण घालणार नाही. नैवेद्य तुमचा तुम्ही करा. बाबा दोन तास बोलले नाहीत, मग हो म्हणाले. आईंनी आजवर बाबांना कधी उलटून शब्द बोललेला ऐकलाय तुम्ही? आणि मग त्या वर जाऊन तुमचा पटर घेऊन आल्या. त्यांची बोटं सुजलीत संधिवातानं. मी म्हटलं मी घासते, तर म्हणाल्या, तुला नाही कळायचं, भाऊजींना जरा डाग राहिलेला चालत नाही."

वेणीमाधवांनी ऐकलं सगळं. पण राग असा एकदम उतरत थोडाच असतो! ते वर गेले. मऊ फडकं काढलं, तेल काढलं, पुसत बसले. गंज निघाला, काळा रंग काही परत आला नाही. मग ते म्हाताऱ्यावर चिडले, की असं नाजूक कशाला करायचं? ढगांवर चिडले, की ते नसते तर हाच पटर बरोबर नेला असता. दादांवर तर चिडलेच. मागच्या वर्षी त्यांनी तो ठेवू दिला असता तर हे घडलंच नसतं. सगळ्यांवर चिडून झालं आणि शेवटी आपलंच वाक्य कानात वाजायला लागलं. जन्मभर भांडीच घासलीत. शाळेत असताना त्यांच्या डब्याचं झाकण घट्ट बसायचं म्हणून रोज सैल करून देणारी बाई ती. त्यांना स्वतःच्या जिभेची किळस आली. तरी खाली जाऊन "चुकलं" म्हणायला मात्र जमलं नाही. रात्रीचा डबा वर आला. धवल घेऊन आला होता.

नवमीला ते खाली गेले, पटर घेऊन. पाटावर रांगोळी होती, झेंडू होते, पोथी, लॅपटॉप, दातांची अवजारं, सगळं मांडलं होतं. पोथीच्या शेजारची जागा रिकामी होती. एका काठीला पुरेल एवढी लांब जागा, आणि तिच्याभोवती निराळी रांगोळी. वहिनींच्या हातची बारीक टिपक्यांची.

दादा सोवळं नेसून बसले होते. वर न बघता म्हणाले, "ठेव."

वेणीमाधवांनी ठेवला. इतक्या वर्षांचं मागणं पुरं झालं आणि त्यांना कुठं तोंड लपवू असं झालं.

दादांनी पळी उचलली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. हातात नारळाच्या काथ्याची घासणी होती. कालचीच. चिंचेच्या शिरा अडकलेल्या, आणि पटरचा काळा रंग धाग्याधाग्यात उतरलेला. त्यांनी ती पाटावर पटरला लागून ठेवली.

"अगं, हे काय?" दादा म्हणाले.

"माझं हत्यार," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "जन्मभर हेच केलं ना मी? दुसरं काय येतं मला? मग पूजा नको का त्याची?"

धवल खाली बघायला लागला. अपूर्वानं मान फिरवली. घासणी कुणी पाटावर ठेवतं का, असं काहीसं पुटपुटत दादांनी हात पुढं केला. दोन बोटांची चिमटी, अगदी मागच्या वर्षीसारखी.

"हात लावू नका!"

वेणीमाधव एवढ्या जोरात ओरडले, की समईची वात हलली. दादांचा हात जागीच थांबला. "हात लावू नका, दादा. ती राहील तिथंच. ज्यानं पोट भरतं त्याची पूजा म्हणालात ना? मग आधी तिची करा."

दादांनी हात मागे घेतला. वेणीमाधवांनी वहिनींकडे बघितलं. त्या आपल्याकडे बघतील असं त्यांना वाटलं होतं. वहिनींनी बघितलं नाही. त्या पाटापुढे बसल्या, सुजलेल्या बोटांनी करंड्यातलं कुंकू घेतलं आणि घासणीला लावलं. मग पोथीला, लॅपटॉपला, अवजारांना, किल्लीला. पटरपाशी येऊन हात थांबला.

करंडा त्यांनी जमिनीवरून वेणीमाधवांपुढे सरकवला.

"तुमचं तुम्ही लावा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी हात लावला तर तुमची वस्तू खराब होते." आणि पुरणावर झाकण ठेवायचं राहिलंय म्हणून उठून आत गेल्या.