अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. आवडतात म्हणून नाही, चुका काढायला. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात आपोआप बंद पडलेली गाडी... असलं काही आलं की पेन घेऊन समासात लिहिते — "पेट्रोल तपासलं होतं का?" भूत, करणी, अंगात येणं, काही म्हणजे काही मी मानत नाही. आजही मानत नाही. पुढचं वाचून कुणाला वाटणार असेल की बाई शेवटी वठणीवर आली, तर त्यांनी आत्ताच पान उलटावं.

आमचं घर पिंपळीत, बारामतीपासून एस.टी.नं पंधरा मिनिटांवर. छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले टाक, गंडेदोरे, अंगारे सगळं बाहेर गेलं, आणि त्यानंतर आमच्याकडे देवऋषी कधी आला नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक म्हणून रिटायर झालेले. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मी दादा. मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. लग्न केलं नव्हतं आणि त्यावर गावाला जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

सत्त्याण्णव साली मी पुण्याहून सेकंडहँड मशीन आणलं आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. क्लासमधले सर म्हणाले, "अहो, सगळे वापरतात ते कॉपी करून टाका की गपचूप!" पण गपचूप हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तीन रविवार घालवले. साउंड कार्ड शेवटपर्यंत वाजलं नाही ते नाहीच. त्यात आमच्याकडची लाईट! ती गेली की मशीन धाडकन बंद, परत चालू केलं की लिनक्स आधी अख्खी डिस्क तपासत बसायचं आणि मध्येच अडून पासवर्ड मागायचं. दादा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी दोनशे पानी वहीत सगळ्या कमांड मराठीत लिहून काढल्या होत्या. मशीन नीट बंद करायची रीत तर त्यांनी मलाच शिकवली, कारण मी घाईत थेट बटण दाबायचे.

मग नवीनच दुखणं सुरू झालं. मशीन मनात येईल तेव्हा रीस्टार्ट व्हायचं, आणि कॅबिनेटला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या! मी रॅम काढून खोडरबरनं घासली, केबल बदलल्या, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, दिवसभर बसून नव्यानं कंपाईल केला. काही उपयोग नाही. दादांनी एक दिवस उठून कॅबिनेटला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"सुजे, अगं यंत्राला अर्थिंगच न्हाय!"

इतकी लाज वाटली मला... दादांनी मागच्या भिंतीलगत स्वतः खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, वायर आत आणून बोर्डाला जोडली. रीस्टार्ट बंद, झिणझिण्या बंद. पण अर्थिंगची माती कोरडी पडून चालत नाही, तेव्हा रोज सकाळी चहाच्या आधी दादा तिथं एक बादली पाणी ओतायचे. दोन वर्षांत एक खाडा नाही.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये दादांचं पोट दुखायला लागलं. बारामतीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात जाता कामा नये. दादा आईकडे पाणी मागत राहिले. आई ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसायची आणि म्हणायची, "उद्या देते, उद्या." तिसऱ्या दिवशी पहाटे दादा गेले. आईनं पाणी दिलं नाही ते नाहीच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. इंदापूरची आत्या, दादांची धाकटी बहीण, आईच्या सोबतीला राहिली. चौदाव्या की पंधराव्या दिवशी मी पहिल्यांदा मशीनसमोर बसले आणि एकदम आठवलं... अर्थिंग! इतके दिवस कुणी पाणी घातलं नव्हतं, वर एप्रिलचं ऊन. बादली भरून मागे गेले.

खड्डा ओला होता. चांगला चिंब.

आईला विचारलं. तिनं घातलं नव्हतं. आत्यानं घातलं नव्हतं, पण तिचे डोळे विस्फारले आणि मी काही बोलायच्या आत ती आईला बोलून मोकळी झाली — "वैनी, माझा भाऊ पाणी मागत मागत गेला. त्यो अजून पाणी पाणी करत हितंच फिरतोय!"

त्या क्षणी आत्याचा असा राग आला की बादली तिथंच आपटली. पण बाण लागायचा तिथं लागला होता. आईनं जेवण टाकलं. त्याहून वाईट म्हणजे पाणी पिणं टाकलं. तांब्या तोंडाजवळ न्यायची आणि तसाच खाली ठेवायची. औषधाच्या गोळीपुरता एक घोट, बस्स. त्या उन्हाळ्यात! चार दिवसांत बाई निम्मी झाली. आत्यानं इंदापूरकडचा एक देवऋषी ठरवला, आणि आई — जिनं जन्मात कधी लिंबू ओवाळलं नाही — ती म्हणाली, "येऊं दे. त्येंची तान भागंल तर येऊं दे."

मी आईचे दोन्ही हात धरले. "मला रविवारपर्यंत वेळ दे. कारण काढून दाखवते. नाही काढलं तर तुझं खरं." आई हो म्हणाली. सोमवार होता तो.

बिघाड शोधायची माझी एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. पहिला संशय पाइपवर, तर मागच्या बाजूला नळच नाही. पाणी हातपंपावरून आणून पिंपात साठवायचो. दुसरा कॅनॉलच्या पाझरावर. पण पाण्याची पाळी संपून कॅनॉल कोरडा ठणठणीत पडला होता. दुपारी खड्ड्याची वरची माती वाळून पांढरी पडायची आणि सकाळी बघावं तर परत ओली. मंगळवारी मात्र गुडघ्यावर बसून भिंतीचा कोपरा चाचपला आणि हाताला एक अनोळखी वायर लागली. आमच्या अर्थिंगला आकडा, आणि वायर कुंपणाखालून थेट शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात!

आमच्याकडे थ्री फेज गेली आणि एकच फेज शिल्लक राहिली की लोक दुसरी तार जमिनीत खुपसून बल्ब लावायचे. जमीन ओली असेल तर बल्ब झकास, वाळली की मिणमिणता. म्हणजे बल्ब मंद झाला की तात्याच येऊन पाणी ओतत असणार! मी नाचायचीच बाकी होते. कमरेला पदर खोचून थेट गोठ्यात गेले.

"तात्या, दादांना जाऊन महिना नाही झाला आणि तुम्ही आमच्या अर्थिंगवर आकडा टाकलात?"

तात्या म्हशीच्या आडून म्हणाले, "चुकलं ताई, चुकलं. काढून घेतो. धारेला लय तरास देती ही म्हस, उजेड लागतो."

"आणि पाणी? पाणी रोज तुम्हीच घालता ना? चला आईसमोर, सांगा तिला."

"पाणी?" तात्या बाहेरच आले. "आवो, तुमचा खड्डा आपला आपला वला असतोय म्हणून तर आकडा टाकला. मी कशाला पाणी घालू? शपथ घेऊ का म्हशीची?"

तात्या म्हशीवरून खोटी शपथ घेणारा माणूस नव्हे. तरी मी वायर माझ्या हातानं तोडली. बुधवारी सकाळी खड्डा ओला.

आता मीही पेटले. बारामतीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून एक ट्रान्झिस्टर आणला. दोन खिळे खड्ड्याच्या वरच्या मातीत बोटभर अंतरावर रोवले, त्यांच्या वायरी खिडकीतून आत आणून त्या ट्रान्झिस्टरमधून मशीनच्या प्रिंटर पोर्टला जोडल्या. माती कोरडी असली तर करंट जात नाही, ओली झाली की जातो. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली — दर दहा सेकंदांनी बघ आणि बदल झाला की वेळ फाईलमध्ये लिही. घरातले सगळे घाबरतील, पण लिनक्सला आत्याही घाबरवू शकत नव्हती. नशिबानं त्या आठवड्यात लाईट सकाळची होती, माती दुपारी वाळायची तेव्हा मशीन बंदच असायचं. गुरुवारी फाईलमध्ये ओळ आली — सहा वाजून एकोणचाळीस मिनिटं. शुक्रवारी सहा चाळीस. पाझर असता तर माती हळूहळू ओलावली असती, खिळ्यांवरचा करंट मधल्या मधे लटपटला असता आणि फाईलमध्ये पाच-पन्नास ओळी पडल्या असत्या. इथं रोज एकच ओळ होती. कोरडी, आणि दहा सेकंदांनी चिंब. बादली ओतल्यासारखी.

शनिवारी मी स्वतः बसले. सहा वाजता खड्ड्यापासून दोन हातांवर पाट टाकला. चांगलं उजाडलेलं होतं. माती हातानं दाबून पाहिली, बोटांना पांढरी धूळ लागली. कुंपणापलीकडे तात्या धार काढत होते, त्यांचं डोकं मला सरळ दिसत होतं. आई आणि आत्या खिडकीत उभ्या. डुलकी लागू नये म्हणून मी मोठ्यानं पाढे म्हणत होते, हसा खुशाल.

माती कोरडी होती. मग ओली होती. मधलं मला काही दिसलं नाही. पाण्याचा आवाज नाही, ओघळ नाही, कुणी नाही. एकोणिसाच्या पाढ्यात मी होते, आणि पाढा चुकलासुद्धा नव्हता. आत जाऊन फाईल पाहिली. सहा एकोणचाळीस.

आता मी तरी खोटं कशाला बोलू, भ्याले मी. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. उद्या रविवार, आणि माझ्या हातात कारण नव्हतं.

रविवारी दहाच्या सुमाराला देवऋषी आला. जटा नाहीत, भंडारा नाही. सफारी घातलेला माणूस स्कूटरवरून उतरला, मागे रस्ता दाखवायला फाट्यापर्यंत गेलेली आत्या. ओसरीवर बसून त्यानं डोळे मिटले, मान डोलावली. "माणूस तानेला गेलाय. जीव यंत्राच्या तारेत गुतलाय. खड्ड्यात खिळा ठोकून बांदावं लागंल. आन् यंत्र भीमेत सोडावं लागंल."

"भीमेत?" मी किंचाळले. "माझं मशीन?"

"गप गं!" आत्या म्हणाली. "रविवारपतूर दम धरला न्हवं तुज्यासाठी? सांग काय कारण ते!"

मी काय सांगणार? मान खाली घातली. म्हणाले, "नाही सापडलं." आजोबांनी, दादांनी जे दार बंद ठेवलं ते माझ्या हातून उघडत होतं.

देवऋष्यानं पिशवीतून वीतभर खिळा काढला. आई इतका वेळ खांबाला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "सुजे, त्या तुझ्या फाईलीत काय लिवलंय गं?"

"आई, वेळ लिहिलीय. सहा एकोणचाळीस, सहा चाळीस..."

"रोज?"

"रोज. आजसुद्धा."

आई देवऋष्याकडे वळली. "तुमी म्हणता माणूस तानेला हाय."

"व्हय माय. लय तानेला."

"मग तानेला माणूस पाणी पिईल, का मातीत वतंल?"

देवऋष्यानं खिळा या हातातून त्या हातात घेतला.

"बादली हातात हाय," आई म्हणाली, तिचा आवाज चढत गेला, "रोज भरतोय, रोज वततोय. तान असती तर तोंडाला न्हाय लावली? आदी प्याला नसता व्हय? न्हाय. तान न्हाय ऱ्हायली त्येंची." इथं तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "आन् समजा कुणीच नसंल तितं, माझ्या पोरीला कारण घावलं नसंल, तर न्हाय घावलं! घावलं न्हाय म्हणून तुमचं खरं व्हतंय का? खिळा ठोकायचा म्हणं! कुणाला ठोकता? चाळीस वरसात त्या माणसाला मी कदी टोचून बोलले न्हाय. उठा. व्हा हितनं भाईर."

"वैनी, अगं—" आत्या म्हणाली.

"तू बस. भाकरी खाऊन जा. ह्येंना जाऊं दे."

स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. आई उठली, आत गेली, माठातून तांब्या भरून घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्याली. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून लुगड्यावर सांडत होतं. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिनं तो परत माठात बुडवला. मी चुलीपुढे बसून हमसून हमसून रडले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

जूनमध्ये मागची भिंत पाडून खोली वाढवली, त्यात तो खड्डा बुजला. अर्थिंग दुसरीकडे केलं. तिथं मीच पाणी घालते, कारण तिथं आपोआप पडत नाही. ही हकीकत मी तीन इंजिनिअरांना आणि एका प्राध्यापकांना सांगितली. प्राध्यापक म्हणाले, दव असेल. एप्रिलमध्ये, बारामतीत, दव! मी त्यांना नमस्कार करून निघाले.

तेव्हा लिहिते ते एवढंच, की मला माहीत नाही. फाईल फ्लॉपीवर जपून ठेवली आहे, कुणाला तपासायची असेल तर जरूर या, चहा देईन. पण माझ्या "माहीत नाही"ला कुणी आपलं भूत चिकटवायला येऊ नये. माझ्या आईनं एकाला घालवलं आहे, दुसऱ्यालाही घालवील.