तापलेला प्रोसेसर आणि धुळ्याचे जावई

माझ्या हातून आजवर एकच कॉम्प्युटर दुरुस्त झाला आहे, आणि दुरुस्त करण्यापूर्वी तो चांगला चालत होता.

म्हणजे थोडा आवाज करायचा, इतकंच. आमची मुलगी मैथिली नाशिकला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलवर ती लॅपटॉपवर भागवते, पण जड कामं करायची झाली की जळगावला घरी येते, कारण तिचा मोठा कॉम्प्युटर आमच्याकडे, मेहरूणच्या घरी असतो. दिवाळीत त्याचा आतला पंखा ऐकून ती म्हणाली होती, "पप्पा, प्रोसेसरवर एक मोठा एअर कूलर बसवायला हवा. उन्हाळ्यात हे तापणार." मी ते लक्षात ठेवलं. मे महिन्यात ती येण्याआधी मी तो कूलर आणून स्वतः बसवून ठेवला! दुकानदार म्हणत होता, "भाऊ, बसवून देतो ना." मी म्हटलं, "चार स्क्रू तर आहेत!" (चार स्क्रू असलेली कुठलीही वस्तू आपल्याला जमते असा आमच्या घरातल्या पुरुषांचा समज आहे. बायकोच्या मिक्सरला सध्या तीनच आहेत.)

शिवाय माझं काम नाजूक वस्तू हाताळण्याचं. यावलकडून केळी येते, ती धुवायची, पुसायची, खोक्यात भरायची आणि बाहेरगावी रवाना करायची. केळीला साधं नख लागलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो. अशा मालात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला एक पंखा बसवणं काय कठीण? मी हात धुतले, पुसले, व्हिडिओ पाहिला (अर्धा, पुढे जाहिरात लागली) आणि कूलर बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज बंद! मी बायकोला मुद्दाम बोलावून ती शांतता ऐकवली.

मैथिली आली, गळ्यात पडली, "पप्पा, यू आर ग्रेट" म्हणाली. तो माझा शेवटचा सुखाचा दिवस.

तिच्या प्रोजेक्टचा विषय होता खान्देशातल्या उन्हात एसीशिवाय गार राहणारी घरं. नकाशे झाले होते, लिखाण झालं होतं. फक्त त्या घरांची खऱ्या फोटोसारखी चित्रं कॉम्प्युटरकडून तयार करून घ्यायची होती. त्याला रेंडर म्हणतात, आणि त्यात कॉम्प्युटरची तासन्‌तास दमछाक होते. ती चित्रं संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजच्या साइटवर चढवायची. नाही चढली तर सबमिशन नाही, आणि सबमिशन नाही तर वर्ष गेलं.

सकाळी तिने रेंडर लावला आणि पोहे खायला बसली. पोहे संपायच्या आत कॉम्प्युटर बंद! पुन्हा चालू केला. पुन्हा बंद.

"पप्पा, प्रोसेसर नव्व्याण्णववर जातोय!"

आता जळगावच्या माणसाला तापमानाची भीती घालू नये. आम्ही सेहेचाळीसमध्ये वराती काढतो. पण नव्व्याण्णव म्हटल्यावर मीही पोह्यांची बशी खाली ठेवली.

"कूलर नीट बसवलाय ना?" तिने विचारलं.

"नीट? अगं, मी जेवढी काळजी घेतली तेवढी कंपनीनेही घेतली नसेल!"

आमचे वडील, म्हणजे आबा, उन्हाळाभर साक्रीकडच्या गावाहून आमच्याकडे आलेले होते. ते झोपाळ्यावरून अहिराणीत म्हणाले, "काय व्हयनं रे दिलीप?"

"कॉम्प्युटर तापतोय, आबा."

"तापीच ना! मे महिना शे."

हे निदान मला पटलं. मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला आणि तो पाचवर ठेवला. मैथिलीचे सगळे नकाशे खोलीभर उडाले. त्यातला एक खिडकीतून शेजारच्या चौधरींच्या अंगणात गेला. कॉम्प्युटर मात्र जागचा हलला नाही, बंद पडला. मग मला धुळीचा संशय आला. आबांच्या सायकलचा पंप आणून मी आत जोरजोरात हवा मारली. धूळ होती, हे खरं. ती उठली, फिरली आणि पुन्हा आतच बसली.

"अहो, तिला तिचं करू द्या ना!" बायको, वैशाली, स्वयंपाकघरातून ओरडली.

पण बापाला गप्प बसवतं का? पोरीचा चेहरा उतरला होता. दर दहा मिनिटांनी ती घड्याळ बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. आणि घाबरलेला माणूस डोकं सोडून बाकी सगळं वापरतो. मी बैठकीतला मोठा पाण्याचा कूलर ढकलत आणला, त्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे करून बटण दाबलं.

पहिल्या झोताबरोबर जाळीतले पाण्याचे शिंतोडे थेट स्क्रीनवर!

"पप्पा!! पाणी!!" मैथिलीने अक्षरशः कॉम्प्युटरवर पदर धरावा तशी ओढणी धरली. मी बटण बंद करायला धावलो, ओल्या फरशीवर घसरलो आणि कूलरलाच मिठी मारली.

"आता काय, दोरीवर वाळत घालायचा का तो?" वैशालीने विचारलं.

आबा उठून आले. "मनी नात रडी ऱ्हायनी, नि हाऊ काय खेळ मांडेल शे!"

नात खरंच रडत होती, पण आवाज न करता. मला ते सहन होईना. त्याच क्षणी मला एसी आठवला. आमच्याकडे नाही, पण शेजारी चौधरींकडे आहे. घड्याळात साडेबारा वाजले होते.

अशा रीतीने भर दुपारी आमची मिरवणूक निघाली. पुढे मी, पोटाशी कॉम्प्युटर धरून, त्याला ऊन लागू नये म्हणून वर टॉवेल. मागे मैथिली स्क्रीन घेऊन. तिच्या मागे वैशाली, गळ्यात वायरी. शेवटी आबा, एका हातात कीबोर्ड आणि दुसऱ्या हातात छत्री. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईने हात थांबवून विचारलं, "कोणाला दवाखान्यात नेताय का हो?"

चौधरी वहिनींनी दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एसीच्या खोलीत जावई झोपून राहिले ना."

अधिक महिना चालू होता. वहिनींनी धुळ्याच्या जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं. आमरस, पुरणपोळ्या, धोंडे, भजी, सगळं पोटात घालून ते नुकतेच आडवे झाले होते. अधिक महिन्यात, सासुरवाडीत, जेवणानंतर झोपलेल्या जावयाला उठवणं हे आमच्याकडे देवळातल्या मूर्तीला सरकवण्याइतकं अवघड काम. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग मैथिलीकडे पाहिलं. आणि आत जाऊन म्हणाल्या, "जावईबापू, जरा उठता का? कॉम्प्युटरला झोपवायचंय."

बिचारे भले गृहस्थ! बनियनवरच उठले, गादी सरकवली, वर प्लग कुठे आहे तेही दाखवलं. एसी सोळावर केला. थोड्याच वेळात खोली अशी गारठली की वहिनींनी शाल आणली आणि आबांनी उपरणं कानाला गुंडाळलं.

"आठे ते हिवाळा शे रे!" आबा म्हणाले.

मैथिलीने रेंडर लावला. आम्ही सगळे श्वास रोखून पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिलो. सत्तर. ऐंशी. नव्वद. (जावईबापू पुटपुटले, "स्कोर चांगला चाललाय." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.) नव्व्याण्णव. बंद!

मैथिली खाली फरशीवर बसली. "आता नाही होणार, पप्पा," म्हणाली. इतकंच. मला वाटलं, तिने ओरडावं, माझ्यावर चिडावं, काहीही करावं, पण हे असं शांतपणे म्हणू नये. पाच वर्षं ही पोर खान्देशातल्या माणसांना गार घर मिळावं म्हणून राबली आणि तिच्या बापाला एक डबा गार करता येत नव्हता.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "थांब, मी अजून एक पंखा आणतो."

तिने सहज हात लांब करून कूलरच्या पात्यांवर बोट ठेवलं. मग पूर्ण पंजा ठेवला. मग ती ताठ बसली.

"पप्पा, कूलर गार आहे."

"बघ!" मी आनंदाने सगळ्यांकडे पाहिलं. "मी म्हणत नव्हतो? कूलर एकदम व्यवस्थित आहे!"

"पप्पा, खालचा प्रोसेसर उकळतोय आणि त्याला चिकटलेला कूलर गार आहे. म्हणजे उष्णता वर पोचतच नाहीये. मधे काहीतरी आहे."

"मधे?" मी म्हटलं. "छे! मधे काहीच नाही. नुसतं कव्हर आहे."

एसीचा आवाज एकदम फार मोठा वाटू लागला.

"कसलं कव्हर?" मैथिलीने विचारलं.

"अगं, खाली ते तांब्याचं चकचकीत असतं ना, त्यावर पारदर्शक प्लास्टिक होतं. ते मी जपून तसंच ठेवलं. एवढं सुंदर पॉलिश, त्याला ओरखडे पडले असते. आणि त्यावर कूलरसोबत आलेलं ते पांढरं मलम लावायचं! डाग नसते का पडले? तुला सांगतो, आमच्याकडे केळीच्या दोन फण्यांमध्ये प्लास्टिक घातल्याशिवाय खोकं बंद करत नाहीत. कव्हर काढलं की माल गेला!"

हे मी अभिमानाने सांगत होतो. शेवटचं वाक्य संपता संपता माझा आवाज आपोआप बारीक झाला, कारण वैशालीने डोळे मिटून घेतले होते.

मैथिलीने स्क्रू काढले (चारही, निदान तेवढं मी चुकलो नव्हतो), कूलर उचलला आणि उलटा केला. मलमाने माखलेलं प्लास्टिक तसंच होतं, कडेला सुरकुतलेलं. जावईबापूंनी बोटाने मलम पुसलं आणि त्यावरची इंग्रजी लाल अक्षरं मोठ्याने मराठीत करून सांगितली, "बसवण्यापूर्वी हे काढून टाका."

"हे तू वाचलं नव्हतं का?" वैशालीने मला विचारलं. एरवी ती मला अहो म्हणते.

"वाचलं होतं," मी म्हणालो. "मला वाटलं, ज्यांना जपायचं नाही त्यांच्यासाठी असेल."

मैथिली माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, आता फुटणार रडू. आणि ती जी हसायला लागली, ती भिंतीला टेकून, पोट धरून! मग वहिनी हसल्या, जावई हसले. आबांना काही कळलं नव्हतं, पण नात हसते म्हणून तेही हसले. त्यांनी ते प्लास्टिक उपरण्याला पुसलं आणि मला दिलं, "चांगलं शे आजून. फेकू नको."

मलमाची उरलेली नळी घरी होती. ती आणायला मी त्या उन्हात असा पळालो की पापडवाल्या बाईने वरूनच विचारलं, "वाचला का पेशंट?" मी नुसता हात केला. परत आल्यावर मैथिलीने ते उष्णता वर पोचवणारं मलम स्वतः लावलं, स्वतः कूलर बसवला. मला तिने एक काम दिलं, मोबाइलचा टॉर्च धरायचं. तोही मी दोन्ही हातांनी धरला.

पंखा फिरला. आकडा साठच्या आसपास जाऊन तिथेच थांबला. एकेक घर पडद्यावर उभं राहू लागलं: जाड भिंती, उंच झरोके, अंगणात निंबाची सावली. वहिनींनी सगळ्यांना पुन्हा आमरस दिला. जावईबापूंना झोप मिळाली नाही, पण वाटी मोठी मिळाली. मी मात्र खात नव्हतो. माझा जीव घड्याळात होता. शेवटचं चित्र निघालं, तेव्हा पाचला थोडाच वेळ उरला होता. फाइल चढायला लागली आणि नव्वद टक्क्यांवर जी अडली ती अडलीच. वैशालीने माझा दंड घट्ट धरला. आबांनी डोळे मिटले. मग पडद्यावर हिरवी खूण आली.

"गेलं, पप्पा!" मैथिली ओरडली आणि पुन्हा गळ्यात पडली. मला रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सर्वांनी ते पाहिलं.

परवा तिची तोंडी परीक्षा झाली. संध्याकाळी फोन आला.

"पप्पा, पास! मॅडमनी विचारलं, घर नीट बांधूनही आतली उष्णता बाहेर का पडत नाही? मी तुमचं उदाहरण दिलं."

"माझं? नावासकट?"

"नावासकट. मॅडमना इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी वर्गात शिकवेन."

आमच्या घराण्यातून कॉलेजच्या अभ्यासक्रमात जाणारा मी पहिलाच माणूस. फक्त तिथे माझा समावेश 'उष्णता अडवणाऱ्या वस्तू' या धड्यात झाला आहे.