एलायसचा डावा हात

सातासमुद्रापलीकडच्या गुंगालिन उपनगरातल्या एलायस परेराला तलवारीत कोणीही हरवावं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, आठवडाभर सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरशी डोकेफोड करणारा, वर गुडघा कुरकुरणारा. हरणार नाही तर काय! पण तलवारबाजीचं चारशे वर्षांपूर्वीचं जर्मन पुस्तक उघडलं की अख्ख्या तलवार-क्लबात त्याचा हात धरणारं कुणी नाही. तरुणपणी हौसेने जर्मन शिकला होता, ती विद्या वसईहून इथवर येऊन अशी कामी आली.

त्याने केलेलं भाषांतर क्लब छापणार होता. पण नियम कडक: पानातला डाव प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय ते पान छापायचं नाही. एकतिसावं पान दोन महिने अडलं होतं. डावखुऱ्याने उजव्या हाताच्या गड्याला कसं गाठावं, ते त्यात होतं, आणि क्लबात डावखुरं कुणीच नव्हतं. एलायस वाचायचा, बाकीचे डाव्या हाताने धडपडायचे. नुसत्या माकडचेष्टा! क्लब चालवणारी मयूरा शेवटी म्हणाली, "काका, संडेला लास्ट ट्राय. नाही जमलं तर गाळू या ते पान."

एलायसचा जीव त्या पानात अडकलेला. त्याला जेवण गोड लागेना.

शनिवारी सिंकपाशी त्याची बायको लविना म्हणाली, "अरे, पातेलं घासताना तुझा डावाच हात चालतो. तूच का नाही करत?"

"मी उजवाच आहे," तो फटकन म्हणाला. क्लबच्या फॉर्मवरही तसंच लिहिलं होतं त्याने. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की आई कालथा हाणायची. पुढे तर तो हात टॉवेलने कमरेला बांधूनच जेवायला बसवायची. बिचारा आपलाच हात विसरला होता!

रविवारी त्याने तलवार डाव्या हातात घेतली. समोर मयूरा. पहिल्या खेपेला त्याने तलवार पुढे केली आणि लगेच मागे घेतली. कुणी मारील की काय, अशी चक्क भीती वाटली त्याला. दुसऱ्या खेपेला पानात लिहिलं होतं तस्सं, तिची तलवार बाजूला दाबत तो आत शिरला आणि टोक तिच्या जाकिटाला टेकलं.

"ओ माय गॉड, काका!" मयूरा ओरडली. सहा वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा गाठलं होतं.

दुपारी त्याने वसईला फोन लावला.

"आय, डाव्या हाताने जिंकलो गं."

पलीकडे म्हातारीने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "फार मारलं रे तुला त्या हातावर. दुखतो का अजून?"

"आजपासून नाही, आय."