चित्रातला चिनी म्हातारा

चिनी चित्रकारांच्या तैलचित्रांचं प्रदर्शन बघायला आईला घेऊन गेलो होतो. धुक्यातल्या डोंगरांपाशी ती फारशी रेंगाळली नाही. भात लावणाऱ्या बायकांच्या चित्रापुढे थांबून म्हणाली, "आमच्यासारख्याच मागं मागं सरकत लावतात." एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या भल्यामोठ्या चित्रापुढे मात्र तिनं चपला काढल्या.

"कधी गेले हे?" तिनं हळूच विचारलं.

"गेले नाहीत, आई. हे समोर बसले होते आणि चित्रकारानं काढलं."

तिला ते पटेना. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मोठा फोटो भिंतीवर लागतो, तो माणूस गेल्यावरच. तोवर त्याच्याकडे कोणी निरखून बघत नाही. इथे कुणीतरी एका जित्याजागत्या म्हाताऱ्याच्या कानामागच्या सुरकुत्या, कोटाचं तुटलेलं बटण, नखांतली माती बघत दिवसचे दिवस बसलं होतं. आईच्या हनुवटीवर तीळ आहे. तो डावीकडे की उजवीकडे, हे आठवेना, म्हणून मी वळून पाहिलं.

घरी आल्यावर आई बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली. तो लावताना, पुढे लागेल म्हणून, मीच सुताराला शेजारी आणखी एक खिळा ठोकायला सांगितलं होतं. त्याविषयी आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो.

"माझा आत्ताच लाव तिथं," आई म्हणाली. "हार नंतर घाल."