करिंथला उशिरा पोचलेला माणूस

नयोमीबाई आमच्या अभ्यासवर्गाला पहिल्यांदा आल्या त्या बुधवारी मी नेहमीसारखं बायबलातल्या एका पत्रातलं एकच वचन घेऊन त्याचे तीन मुद्दे पाडले होते. हात वर करून त्यांनी विचारलं, "सर, हे पत्र कुठल्या भांडणानंतर लिहिलंन?" सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. त्या माना पुन्हा माझ्याकडे वळल्या असं मला काही वाटत नाही.

बाईंचा जन्म रत्नागिरीचा, नोकरी झाली पुण्याच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, आणि निवृत्त होऊन त्या इकडे परतल्या होत्या. पत्रांची मूळ भाषा ग्रीक, तीही येत होती, पण ते त्या कधी मिरवत नसत, याचाही मला राग यायचा. येशूच्या प्रेषितांनी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं कुठलंही पत्र उघडलं की म्हणायच्या, "हा एका बाजूचा फोन आहे. पलीकडचा काय बोलला असेल ते आधी शोधा. अर्थ सांगायची घाई नको, आधी माणसं गोळा करा." पत्र करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला असलं, की वर्गातलं कोणी तिथला सावकार व्हायचं, कोणी गुलाम. बायका हसायच्या, वाद घालायच्या. माझ्या मुद्द्यांवर वर्षानुवर्षं कोणी वाद घातला नव्हता. आमच्या कलमाचा पहिला आंबा बायकोने मला न विचारता बाईंच्या घरी पाठवला, तेव्हा तर मी दोन दिवस धड बोललो नाही.

आणि मग दावीद. हा जेटीवर बर्फ उतरवायचा, अधूनमधून प्यायचा. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायचा, पण प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घ्यायला, जागचा उठत नसे. अयोग्य रीतीने भाकर खाणाऱ्याला करिंथकरांच्या पत्रात ताकीद आहे; खाण्याआधी आपलं मन तपासा, असं मी दर वेळी शिकवत आलो होतो. दावीदने मन तपासलं होतं. "आपण नाय लायक, सर," एवढंच तो म्हणायचा. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्यासाठी उपास केले, हात धरून विनवलं. तो हलला नाही.

एका बुधवारी बाईंनी तेच पत्र काढलं. "करिंथची मंडळी एका श्रीमंताच्या घरी जमायची. त्याची मित्रमंडळी रिकामटेकडी, ती लवकर येऊन जेवायला बसायची. दावीद, तू करिंथात असतास तर कधी पोचला असतास?"

"काम आवरून येईस्तोवर काळोख पडला असता."

"मग तुला काय उरलं असतं?"

"काय नाय," दावीद म्हणाला. "आतापण कापणीच्या सणाला मी येतो तेव्हा नुसता भातच असतो."

सणाच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे असते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

"त्याच जेवणात ते भाकर मोडायचे," बाई म्हणाल्या. "म्हणून प्रेषित चिडला. तो अयोग्यपणाचा ओरडा आधी जेवून बसलेल्यांना होता, बाबा. उशिरा आलेल्यांना नव्हता."

पुढच्या प्रभुभोजनाला दावीद उठून आला. मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक वडील म्हणून प्याला मीच धरला होता. तो माझ्या हातून प्यायला आणि मान वर करून बायकांच्या बाकांवर बसलेल्या बाईंकडे बघत राहिला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण इतक्या वर्षांचे उपास माझे, आणि माणूस आला तो तिच्या दोन प्रश्नांनी.

गेल्या वर्षी बाई आजारी पडल्या. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आवाज फार खोल गेला होता. मला जवळ बसवून म्हणाल्या, "सर, दावीद आला तो तुमच्यामुळे. तुम्ही त्याला धरून ठेवलंत म्हणून तो देवळात टिकला. नाहीतर मी करिंथ सांगितलं असतं कोणाला?"

त्या मनापासून बोलत होत्या. मी त्यांच्यासाठी फळं नेली होती, प्रार्थनाही तयार करून नेली होती, पण असं एखादं वाक्य काही माझ्यापाशी नव्हतं. ते आधी त्यांनाच सुचलं. त्या अंथरुणाला खिळलेल्या बाईचा मला तेव्हाही हेवाच वाटला.

चार दिवसांनी त्या गेल्या. हेवा अजून आहे.